ऑनर्सचा संशोधन प्रकल्प : वीस आठवड्यांत मावेल एवढाच प्रश्न

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जैववैद्यक शास्त्राच्या पदवीतले ऑनर्सचे वर्ष सुरू होत आहे आणि दोन प्रयोगशाळा घ्यायला तयार आहेत. पहिली मोठी आणि नावाजलेली असून तिथे कर्करोगाच्या पेशी औषधांना दाद का देत नाहीत, असा भव्य विषय मिळणार आहे. दुसरी तीन-चार माणसांची, नव्याने उभी राहिलेली आहे आणि तिथला विषय एका प्रथिनापुरता आहे. विचारणाऱ्याने प्रात्यक्षिकांपलीकडे प्रयोगशाळेत काम केलेले नाही, आणि त्याची खरी धास्ती ‘वर्षाअखेरीस हाती काहीच लागले नाही तर’ ही आहे.

मी वीसहून अधिक वर्षे अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत आले आहे. माझ्याकडे ही धास्ती घेऊन न आलेला विद्यार्थी मला आठवत नाही. मात्र जे प्रकल्प फसताना मी पाहिले, त्यांत निष्कर्ष आलाच नाही असे क्वचितच घडले. आकडे आले, आलेख झाले, पण त्यांचा अर्थ लावता यावा अशी मांडणी सुरुवातीलाच केलेली नव्हती, त्यामुळे शेवटच्या महिन्यात त्या आकड्यांचे करायचे काय, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून प्रयोगशाळा निवडण्याआधी दिनदर्शिका घेऊन बसावे, असे माझे पहिले सांगणे आहे.

ऑनर्सचे वर्ष कागदावर नऊ-दहा महिन्यांचे दिसते. त्यातून वाचन आणि प्रकल्पाचा आराखडा लिहिण्याचे आठवडे, सुरक्षिततेचे व उपकरणांचे प्रशिक्षण, चालू अभ्यासक्रमाच्या परीक्षा आणि प्रबंध लिहिण्याचे किमान सात-आठ आठवडे वजा केले, तर प्रत्यक्ष टेबलावर उभे राहून काम करायला साधारण वीस आठवडे उरतात. आता एका साध्या प्रयोगाचा हिशेब पाहा. गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्या की त्या नीट वाढू लागेपर्यंत दोन आठवडे जातात. पेशी पेरणे, दुसऱ्या दिवशी औषध देणे, बहात्तर तास थांबणे, प्रथिने काढणे आणि वेस्टर्न ब्लॉट (हवे ते प्रथिन वेगळे करून पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करणे यात एक आठवडा सरतो. हाच प्रयोग स्वतंत्रपणे तीनदा करायचा म्हणजे तीन आठवडे झाले, आणि एखादी फेरी वाया जाणार हे गृहीत धरले तर चार. म्हणजे विश्वास ठेवण्याजोगी एक आकृती सुमारे महिन्याभराची झाली. काही कामे समांतर चालतात हे खरे, पण नवख्या हातांनी एका वेळी दोनच प्रयोग चालवावेत, तिसरा सुरू केला की पहिल्या दोन्हींच्या नोंदी बिघडतात. या हिशेबाने संपूर्ण प्रबंधात चार, फार तर पाच मुख्य आकृत्या बसतात. आराखडा लिहिताना त्या चार आकृत्यांची रिकामी चौकट काढून आडव्या आणि उभ्या अक्षावर काय असेल ते लिहून पाहावे. चौकटी चारांऐवजी अकरा झाल्या, तर तो विषय पीएचडीचा आहे, ऑनर्सचा नव्हे, आणि तसे पहिल्याच बैठकीत नम्रपणे सांगण्यात काहीही वावगे नाही.

प्रश्नाचा आकार ठरला की त्याची घडण पाहावी. ‘अमुक प्रथिनामुळे औषधाला प्रतिरोध निर्माण होतो हे सिद्ध करणे’ असे उद्दिष्ट लिहिले, तर फक्त होकारार्थी उत्तरच उपयोगाचे ठरते. त्याऐवजी ‘हे प्रथिन कमी केल्यावर पेशींची औषधाबद्दलची संवेदनशीलता बदलते का’ असे विचारले आणि त्यासोबत प्रथिन खरोखर किती कमी झाले याचे मोजमाप ठेवले, तसेच ज्याने संवेदनशीलता हमखास बदलते असे ज्ञात उदाहरणही त्याच प्लेटमध्ये ठेवले, तर ‘बदलत नाही’ हेही एक उत्तर होते. प्रथिन ऐंशी टक्क्यांनी घटले, ज्ञात उदाहरणाने अपेक्षित परिणाम दाखवला, आणि तरीही तुमच्या पेशींत फरक दिसला नाही, तर तुम्ही काहीतरी शोधले आहे. या दोन्ही गोष्टी न मोजता फरक दिसला नाही, तर तुम्हाला काहीच कळलेले नाही. नकारात्मक निष्कर्ष आणि फसलेला प्रयोग बाहेरून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक केवळ कंट्रोलमुळे, म्हणजे तुलनेसाठी सोबत ठेवलेल्या अशा नमुन्यांमुळे, कळतो, आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

घडणीतला दुसरा धोका साखळीचा असतो. आधी एखादे जनुक काढून टाकलेली नवी सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणारा पेशींचा वाण) तयार करायची आणि मग तिच्यावर सर्व प्रयोग करायचे, असा आराखडा मी आता ऑनर्सच्या विद्यार्थ्याला देत नाही, कारण पहिली कडी तीन महिने लांबली की पुढचे सगळे कोसळते. म्हणून ‘माझ्या प्रकल्पाला लागणाऱ्या पेशी, प्रतिपिंडे आणि नमुने आज तुमच्या फ्रीझरमध्ये आहेत का’ हा प्रश्न मार्गदर्शकांना थेट विचारावा. ‘मागवले आहेत’ हे उत्तर आले, तर ते ‘नाहीत’ असे समजून नियोजन करावे.

हीच गोष्ट नैतिक मान्यतेची. मानवी नमुन्यांवरील संशोधनाची मूळ चौकट १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्रात आहे, तर प्राण्यांच्या वापराबाबत रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे शक्य तिथे पर्याय वापरणे, संख्या कमी ठेवणे आणि वेदना कमी करणे, आजही समित्यांच्या अर्जांचा कणा आहेत. विद्यार्थ्याच्या दृष्टीने व्यावहारिक मुद्दा एवढाच की मान्यतेला महिने लागतात. प्रयोगशाळेकडे आधीच मान्यता असेल आणि तुमचे नाव तिच्यात जोडून घ्यायचे असेल तर ठीक. अर्ज अजून लिहायचा असेल तर तो विषय या वर्षासाठी नाही. साठवलेले ऊतींचे नमुने वापरताना ते देणाऱ्यांनी कोणत्या कामासाठी संमती दिली होती, हेही स्वतः वाचावे. ‘सगळे वापरतात’ हा त्यावरचा खुलासा होऊ शकत नाही.

आता प्रयोगशाळेच्या निवडीकडे येते. मोठी की लहान, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता ब्लॉटवर काहीच उमटले नाही, तर तुमच्या शेजारी कोण येऊन उभे राहील, हे आधी शोधावे. मोठ्या प्रयोगशाळेत प्रमुखांची भेट महिन्यातून एकदा होते आणि रोजचे मार्गदर्शन एखादा पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) किंवा पीएचडीचा वरिष्ठ विद्यार्थी करतो. ही व्यवस्था उत्तम चालू शकते, किंबहुना अनेकदा प्रमुखांपेक्षा तोच अधिक चांगले शिकवतो, कारण त्याचे हात अजून प्रयोगात असतात. पण तो माणूस कोण, त्याला शिकवण्यात रस आहे का आणि त्याचा करार वर्षाच्या मध्येच संपतो आहे का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. लहान प्रयोगशाळेत प्रमुख स्वतः हाताशी असतात, मात्र तिथे उपकरणे उसनी असतात आणि एक यंत्र बंद पडले तर महिना जाऊ शकतो. दोन्हीकडच्या गेल्या दोन-तीन वर्षांतील ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना, प्रमुखांच्या अनुपस्थितीत, भेटावे. प्रबंधाचा मसुदा किती दिवसांत वाचून परत मिळाला, प्रयोग बिघडल्यावर प्रमुखांनी काय विचारले आणि शेवटच्या महिन्यात नवे प्रयोग करायला लावले का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. एरवी मी एका बाजूने कौल देणे टाळते, पण आजवर स्वतंत्र काम न केलेल्या विद्यार्थ्याने, इतर सर्व समान असेल तर, एका प्रथिनाचा विषय देणारी लहान प्रयोगशाळा निवडावी, असे माझे मत आहे. भव्य विषय मोठ्या प्रयोगशाळेतही तुमच्या वाट्याला एका तुकड्याएवढाच येतो, आणि तो तुकडा कोणता हे तिथे पुष्कळदा दुसऱ्याच्या सोयीने ठरते.

प्रवेश घेतल्यावर पहिल्या महिन्यात नवे काही शोधायला जाऊ नये. आपल्या हातातल्या वस्तू त्याच आहेत का, हे तपासण्यात तो महिना घालवावा. हा सल्ला ऐकताना विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो, म्हणून थोडा इतिहास सांगते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींपासून हेला ही सेल लाइन तयार झाली. ती इतक्या जोमाने वाढते की चुकून पडलेला एखादा थेंबही दुसऱ्या पेशींना हटवून तिथे आपले बस्तान बसवतो. १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या कितीतरी सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच होत्या. हे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि तिची जनुकीय ओळख मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या एका सेल लाइनशी जुळली. आज डीएनएच्या पुनरावृत्त तुकड्यांवरून सेल लाइनची ओळख पटवणारी चाचणी सहज करून घेता येते. ती झालेली नसेल, तर तुमच्या चारही आकृत्यांचे शीर्षक खोटे असू शकते.

दुसरी तपासणी मायकोप्लाझ्माची. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, नेहमी घातल्या जाणाऱ्या पेनिसिलिनचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळही करत नाही, पण पेशींची वाढ आणि चयापचय बदलून टाकतो. काही वर्षांपूर्वी घाई असल्याने ही चाचणी पुढे ढकलायला मीच एका विद्यार्थिनीला सांगितले होते. सात आठवड्यांनी तिचे नियंत्रण गटाचे (तुलनेसाठी औषध न दिलेल्या पेशींचे) आकडे हेलकावे खाऊ लागले, तेव्हा चाचणी केली आणि सात आठवड्यांचे सगळे काम बाजूला ठेवावे लागले. तिने प्रबंधात हा प्रसंग आडपडदा न ठेवता लिहिला आणि त्याबद्दल तिचे गुण कापले गेले नाहीत. तरी चूक माझी होती, आणि तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे सगळ्यांच्या पेशी तपासल्या जातात.

याच महिन्यात आपण वापरणार असलेली पद्धत नेमके काय मोजते, हेही समजून घ्यावे. एमटीटी या पेशींवरच्या रंगचाचणीत दिसणारा रंग पेशींच्या चयापचयाचा असतो. तो कमी झाला म्हणजे पेशी मेल्या असे नसते. त्या हळू वाढत असतील किंवा औषधाने त्यांचा चयापचय मंदावलेला असेल. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेचे छत्तीस खळगे लवकर सुकतात, म्हणून नियंत्रण गट कडेला आणि औषध मध्ये अशी सोयीची मांडणी केली, तर दिसणारा फरक बाष्पीभवनाचाही असू शकतो. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवले असेल, तर नियंत्रण गटालाही तेवढेच डीएमएसओ द्यावे लागते. या गोष्टी पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतात, परंतु परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी, माझ्या अनुभवात, याच ओळीवर असतात.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र ‘किती वेळा केले’ या प्रश्नावर होतो. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधील पेशी तीन खळग्यांत पेरल्या, तर ते तुमच्या पिपेटच्या अचूकतेचे मोजमाप झाले. जीवशास्त्रीय अर्थाने तो एकच प्रयोग होय. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पासेजच्या (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीच्या) पेशी घेऊन, औषधाचे द्रावण नव्याने करून केलेल्या फेऱ्या म्हणजे तीन. प्राण्यांच्या बाबतीत एका उंदराच्या यकृताचे पाच तुकडे तपासले, तरी संख्या एकच राहते. खळगे मोजून संख्या नऊ दाखवली की पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) देखणे येते आणि निष्कर्ष पोकळ होतो. क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवत मूळ प्रमाण मोजण्याची पद्धत) करताना हे विशेष जाणवते, कारण कार्यक्षमता पूर्ण असेल तर एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट आणि अर्ध्या चक्राचा म्हणजे सुमारे १.४ पट, आणि एवढी तफावत नवख्या हाताच्या पिपेटिंगमधूनही येऊ शकते.

संख्या किती हवी, हे प्रयोगाआधी ठरवायचे असते. दोन गटांच्या सरासरीतील फरक प्रमाण विचलनाएवढा (आकड्यांच्या सरासरीभोवतीच्या पसाऱ्याएवढा) असेल आणि तो पी-मूल्याच्या ०.०५ या पातळीवर ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सतरा नमुने लागतात. फरक त्याच्या दुप्पट असेल तर सहा पुरतात, आणि निम्माच असेल तर चौसष्ट लागतात. ऑनर्सच्या वर्षात चौसष्ट उंदीर मिळत नाहीत आणि मिळू नयेत. म्हणूनच लहान प्रकल्पाने मोठा परिणाम अपेक्षित असलेलाच प्रश्न निवडावा, आणि सूक्ष्म फरकांचा शोध मोठ्या गटांवर सोडावा. शिवाय वीस वेगवेगळ्या प्रथिनांची तुलना केली आणि प्रत्यक्षात कशातच फरक नसला, तरी किमान एका ठिकाणी ०.०५ च्या खाली आकडा येण्याची शक्यता सुमारे चौसष्ट टक्के असते. ज्या प्रथिनाने ‘साथ दिली’ तेवढेच प्रबंधात मांडणे ही अप्रामाणिकपणाची पहिली पायरी आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक विद्यार्थी ती अप्रामाणिक हेतूने चढत नाहीत. मार्गदर्शकांचा उत्साह पाहून चढतात. सांख्यिकी जाणणाऱ्या व्यक्तीला आराखड्याच्या वेळीच भेटावे. आकडे हाती आल्यावर तिच्याकडे गेलात, तर प्रयोग कशाने मेला एवढेच ती सांगू शकते.

आधी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आपल्या हातून पुन्हा येत नाही, ही अवस्था तुमच्या वाट्याला बहुधा येईल. तिथे सगळा दोष स्वतःकडे घेऊ नये आणि सगळा लेखकांवरही टाकू नये. अॅमजेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगाविषयीचे त्रेपन्न महत्त्वाचे शोधनिबंध पडताळून पाहिले तेव्हा त्यांतील केवळ सहांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा शंका घेणे योग्यच आहे, पण क्रम पाळावा. आधी तुमचे कंट्रोल चालले का ते पाहा, मग पेशी, पासेज, प्रतिपिंडाचा क्रमांक आणि सीरम जुळते का ते पाहा, आणि त्यानंतरच मूळ निष्कर्षाकडे बोट दाखवा.

हे सारे तपासता येते ते नोंदी असतील तरच. नोंदवहीत त्याच दिवशी, तारखेसह, काय करायचे ठरले होते आणि प्रत्यक्षात काय केले हे दोन्ही लिहावे, कारण खरी माहिती या दोहोंतील तफावतीत असते. यंत्रातून आलेली मूळ फाइल कधीही बदलू नये. प्रत काढून तिच्यावर काम करावे. एक्सेलवर जनुकांच्या याद्या उघडणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण सेप्ट-२ किंवा मार्च-१ अशी जनुकांची नावे एक्सेल परस्पर तारखांमध्ये बदलते. हा उपद्रव इतका वाढला की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलली. ब्लॉटच्या प्रतिमेचा उजळपणा वाढवायचा असेल तर संपूर्ण प्रतिमेचा समान वाढवावा, दोन जेलचे तुकडे जोडले असतील तर मध्ये स्पष्ट रेषा द्यावी, आणि एखादी पट्टी पूर्ण काळी झाली असेल तर तिची घनता मोजण्याचा मोह टाळावा, कारण त्यापुढचा फरक त्या पट्टीत उरलेलाच नसतो.

मार्गदर्शकांशी होणाऱ्या साप्ताहिक भेटीबद्दल दोन शब्द. तिथे सुंदर सादरीकरण नेऊ नये. एक पान न्यावे : गेल्या आठवड्यात काय केले, मूळ आकडे काय आले, तुमच्या मते त्याचा अर्थ काय आणि पुढच्या आठवड्यात काय करणार. बिघडलेला प्रयोग त्या पानावर सर्वांत वर असावा. तो लपवून तीन आठवड्यांनी सांगणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. भीतीपोटी ते तसे करतात आणि भेट सुखाची जाते, पण तेवढ्यात तीन आठवडे संपलेले असतात. भेट झाल्यावर काय ठरले ते दोन-तीन ओळींत लिहून त्याच दिवशी मार्गदर्शकांना पाठवावे. आमच्या वयाची माणसे विसरतात, आणि मागच्या महिन्यात आपणच सुचवलेल्या प्रयोगाबद्दल ‘हा कशाला केलास’ असे विचारतात.

लेखनाचा फार बाऊ करू नये. पद्धतींचे प्रकरण दुसऱ्या महिन्यापासून लिहीत जावे, आकृत्या पूर्ण झाल्या की त्या क्रमाने मांडून निष्कर्षांचे प्रकरण त्यांच्याभोवती उभारावे, आणि प्रस्तावना शेवटी पुन्हा लिहावी, कारण वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेली प्रस्तावना सहसा वेगळ्याच प्रकल्पाची असते. चर्चेच्या प्रकरणात ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य लिहू नका. कोणता एक प्रयोग, कोणत्या कंट्रोलसह, तुमच्या निष्कर्षाला खोटा ठरवू शकेल ते लिहा. तोंडी परीक्षेत मी स्वतः हाच प्रश्न पहिला विचारते.

नव्या प्रयोगांची शेवटची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच मार्गदर्शकांसोबत ठरवून कागदावर घ्यावी आणि ती पाळण्याची जबाबदारी दोघांची समजावी. त्या तारखेनंतर हात मोकळे झाले की प्रबंध छापायला जाण्याआधी एक दुपार फ्रीझरसाठी राखून ठेवावी. उणे ऐंशी अंशांवरच्या तुमच्या पेटीतील प्रत्येक नळीवर पेशीचे नाव, पासेज आणि तारीख न पुसल्या जाणाऱ्या शाईने आहे ना ते पाहावे, द्रव नायट्रोजनमधल्या नळ्यांची यादी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहावी, आणि ज्या नळ्यांत काय आहे याची तुम्हालाच खात्री नाही त्या, मार्गदर्शकांना दाखवून, फेकून द्याव्यात. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ‘माझ्या पेशी आज फ्रीझरमध्ये आहेत का’ असे विचारील, तेव्हा उत्तर त्याच पेटीतून द्यायचे असते.